आजोबांचा चाकू कपाटात ठेवू नका

तुमच्या घरात एक मिटणारा चाकू नक्की असेल. स्वयंपाकघरातली सुरी नाही, विळी नाही. बोटभर लांबीचा, लाकडी किंवा शिंगाची मूठ असलेला, पात्यावरच्या छोट्या खाचेत नख अडकवून उघडायचा चाकू. कुणाच्या घरी तो बाबांच्या शबनममध्ये असतो, कुणाच्या घरी मामाच्या स्कूटरच्या डिकीत. आणि बऱ्याच घरी तो आता नसलेल्या आजोबांच्या ट्रंकेत, त्यांच्या जुन्या चष्म्याच्या शेजारी पडून असतो.

बाजारात त्याला कुणी पन्नास रुपयेही देणार नाही. पण दिवाळीची आवराआवर निघाली, जुन्या बादल्या, बंद पडलेले रेडिओ, मोडक्या छत्र्या सगळं भंगारवाल्याकडे गेलं, तरी तो चाकू पोत्यात टाकायला कुणाचा हात धजत नाही. हातात घेतो, उघडून बघतो, पुन्हा मिटून जागेवर ठेवतो.

आज त्याच चाकूविषयी बोलू या. एवढ्याशा वस्तूत जीव का अडकतो? आणि जीव अडकला म्हणून तिला कपाटात कुलूपबंद करणं बरोबर आहे का?

एकाच माणसाची वस्तू

घरातल्या बहुतेक वस्तू सगळ्यांच्या असतात. कुकर सगळ्यांचा, पंखा सगळ्यांचा, रिमोटवर तर भांडणंच. पण काही वस्तू फक्त एकाच माणसाच्या असतात: चष्मा, मनगटी घड्याळ, कवळी आणि खिशातला चाकू. यातला चष्मा दुसऱ्याला लागत नाही आणि कवळीचं तर बोलायलाच नको. चाकू मात्र दुसऱ्याच्या कामाला येतो. किंबहुना तो निघतो तोच बहुधा दुसऱ्यासाठी.

रेल्वेचा प्रवास आठवून बघा. स्लीपरचा डबा, दुपारची वेळ. समोरच्या बाकावरचे काका पिशवीतून काकड्या काढतात, मग खिशातून चाकू. तो रुमालाला पुसतात. काकडीची टोकं कापून घासतात, उभे चार काप करतात, मीठ-तिखट भरतात आणि पहिला काप समोरच्या अनोळखी मुलाला देतात. त्या मुलाला पुढे काकांचा चेहरा आठवत नाही, पण चाकू उघडतानाचा 'टक्' आवाज आठवतो.

गावाकडे तर या चाकूला दिवसभर उसंत नसते. पोत्याची शिवण उसवायची, सुतळी कापायची, नातवाची पेन्सिल तासायची, पायातला काटा काढायचा, पेरूच्या फोडी करायच्या, सायकलच्या ट्यूबवर लावायला रबराचा तुकडा कापायचा. एकाही कामाची कुणी नोंद ठेवत नाही. पण अशी वीस-तीस वर्षं गेली की मूठ अंगठ्याच्या जागी गुळगुळीत होते आणि पातं मधोमध झिजून बारीक होतं. डावखुऱ्या माणसाचा चाकू वेगळ्या बाजूने झिजतो. म्हणजे त्या माणसाचा हात कसा चालत होता, ते त्या चाकूत उतरलेलं असतं. फोटोत चेहरा राहतो. हाताची सवय अशा वस्तूंतच राहते.

आबाजींचा चाकू

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो, अमरावती जिल्ह्यातल्या संत्र्याच्या पट्ट्यातले. वरुड, मोर्शी, शेंदुरजना घाट हा सगळा भाग संत्र्याच्या बागांचा आणि रोपवाटिकांचा. आबाजी रोपवाटिकेत डोळे भरायचं काम करायचे.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नागपुरी संत्र्याचं रोप सहसा नुसतं बी पेरून तयार करत नाहीत. आधी जंभेरीचं, म्हणजे खडबडीत सालीच्या एका लिंबाचं रोप वाढवतात. ते पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याच्या सालीला इंग्रजी 'टी'च्या आकाराची चीर देतात. चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे जिथून फूट येणार असते ती जागा, ढालीच्या आकारात अलगद काढून त्या चिरेत बसवतात आणि वरून पट्टी बांधतात. डोळा लागला, फुटला, की जंभेरीचा वरचा भाग कापून टाकतात. खाली मूळ जंभेरीचं, वर झाड संत्र्याचं. डोळा वीतभर उंचावर भरायचा, कारण जोड मातीला टेकला तर बुंध्याला डिंक्या रोग लागायची भीती असते.

हे सगळं काम चाकूचं. चीर खोल गेली तर आतल्या लाकडाला इजा होते, उथळ राहिली तर साल सुटत नाही. पात्याला धार कमी असेल तर साल फाटते. एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागू नये म्हणून पातं वरचेवर पुसायचं. आबाजी दिवसाला शेकड्यांनी डोळे भरायचे आणि संध्याकाळी घरी आले की हातपाय धुवायच्या आधी चाकू धुवायचे.

मी कॉलेजात असताना त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला. घरी आणल्यावर काकांनी काळजीपोटी तो चाकू कपाटाच्या वर ठेवून दिला. त्यात काकांचं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही. थरथरत्या हाताच्या माणसाजवळ धारेची वस्तू कशाला, असं कुठल्याही घरात वाटेल.

पण त्यानंतर आबाजींचा डावा हात दिवसातून किती तरी वेळा बंडीच्या खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. ते काही मागायचे नाहीत. फक्त हात जायचा. आजीने आठ दिवस बघितलं. नवव्या दिवशी तिने स्टूल घेतलं, चाकू खाली काढला आणि मिटलेलाच त्यांच्या खिशात ठेवला. काका काही बोलायच्या आत म्हणाली, "राहू द्या त्याईच्यापाशी. आता उघडता तं येत नाही त्याईले."

ते खरंच होतं. एका हाताने तो चाकू उघडत नाही. एका हातात मूठ धरावी लागते आणि दुसऱ्या हाताच्या नखाने पातं ओढावं लागतं. त्या सुट्टीत मी घरी होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आबाजींनी मला जवळ बोलावलं, खिशातून चाकू काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "उघडून दे वं मले."

मी उघडून दिला. त्यांनी डाव्या हातात धरला. मी पाटावर पेरू धरून ठेवला आणि त्यांनी फोडी केल्या. वेड्यावाकड्या, जाड-बारीक. एका पेरूला पंधरा मिनिटं लागली. पहिली फोड त्यांनी आजीला दिली.

पुढे रोज दुपारी हे सुरू झालं. मी उघडायचे, ते कापायचे, मी मिटायचे. हिवाळ्यात पुन्हा गेले तेव्हा त्यांनी मला परसात ठेवलेल्या जंभेरीच्या पाच रोपांवर डोळे भरायला लावले. ते खाटेवर बसून सांगत होते, हात माझा होता. पाचातले दोन लागले. आबाजी म्हणाले, पहिल्या खेपेला दोन म्हणजे लय झाले.

आबाजी गेले त्या वर्षी त्यातलं एक झाड माझ्या कमरेइतकं झालं होतं. संत्र्याला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात. ते त्यांनी बघितलं नाही.

पातं बदललं, मूठ बदलली, तरी तोच चाकू?

आबाजींच्या मागे त्या चाकूचं काय करायचं, यावर घरात एक छोटी सभाच झाली. मोठे बाबा म्हणाले, त्यांच्या फोटोखाली काचेच्या पेटीत ठेवू. कुणी म्हणालं, मूठ सैल झाली आहे, आधी नवीन बसवून घेऊ. त्यावर आत्या म्हणाली, मूठ बदलली तर मग तो आबाजींचा कसा?

आत्याचा प्रश्न साधा नाही. फ्रेंच भाषेत 'जानोचा चाकू' असा एक वाक्प्रचारच आहे. जानोने आधी चाकूचं पातं बदललं, मग मूठ बदलली, तरी तो म्हणत राहिला की हा माझा तोच जुना चाकू. सगळे भाग बदलूनही नाव तेच राहिलेल्या वस्तूला तिकडे असं म्हणतात. ऐकायला विनोद वाटतो, पण आपल्या घरांत बघा. देव्हारा तोच असतो, आतल्या फळ्या दोनदा बदललेल्या असतात. आजीच्या पाटल्या मोडून आईच्या बांगड्या होतात आणि तरी त्या 'आजीच्या' म्हणूनच घातल्या जातात. आपण वस्तू जपतो असं आपल्याला वाटतं. खरं तर आपण त्या वस्तूसोबतची चाल जपत असतो. तीच फोड, तोच रुमाल, धुवून-पुसून ठेवायची तीच सवय.

स्वित्झर्लंडमधली एक गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. लाल मुठीचा, अनेक पात्यांचा 'स्विस आर्मी नाइफ' तुम्ही पाहिला असेल. तो बनवणाऱ्या कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली इबाख या गावात आपला कारखाना काढला. १८९१ मध्ये त्यांनी स्विस सैन्याला चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये आज आपण ओळखतो त्या धर्तीच्या चाकूची नोंदणी केली. १९०९ मध्ये त्यांची आई गेली. तिचं नाव व्हिक्टोरिया. त्यांनी आपल्या मालाला आईचं नाव दिलं. पुढे १९२१ च्या सुमारास न गंजणारं पोलाद वापरात आलं. त्याला फ्रेंचमध्ये 'इनॉक्स' म्हणतात. आईचं नाव आणि पोलादाचं नाव जोडून 'व्हिक्टोरिनॉक्स' झालं. आज जगभरात लोक तो चाकू खिशात घेऊन फिरतात, पण त्यावर एका मुलाच्या आईचं नाव आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्या मुलाने आईची आठवण पेटीत ठेवली नाही, रोजच्या कामाला लावली.

आपल्याकडे चाकू म्हटलं की आधी रामपुरीच आठवतो. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा तो खटक्याचा चाकू हिंदी सिनेमातल्या गुंडांमुळे बदनाम झाला. पण तोही मुळात कारागिरांच्या हातचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. २०२३ साली रामपूरच्या एका चौकात सुमारे वीस फुटी चाकू उभारला, तो या कारागिरीची ओळख म्हणून. वस्तू वाईट नसते, ती कशासाठी उघडली जाते त्यावर सगळं ठरतं. आपल्याकडच्या लग्नात हळद लागल्यावर नवरदेवाच्या हाती कट्यार नाहीतर अडकित्ता देतात, तो काही कुणाला मारायला नव्हे.

पेटीतला चाकू का बिघडतो?

आता कामाचं बोलू. तुमच्याकडे असा जुना चाकू असेल आणि तुम्ही तो आठवण म्हणून कापडात गुंडाळून ठेवला असेल, तर आजच काढून बघा. जुने चाकू बहुधा साध्या पोलादाचे असतात. त्यात क्रोमियम नसतं किंवा फार थोडं असतं, म्हणून ते गंजतात. कापड हवेतली ओल धरून ठेवतं. कातड्याच्या म्यानातही ओल राहते. पावसाळ्याचे दोन-चार महिने तसेच गेले की लाल गंज धरतो, आणि सांध्यात गंज शिरला की चाकू उघडतच नाही. वापरातला चाकू रोज पुसला जातो, उघड-मीट होते, म्हणून तो टिकतो.

पात्यावरचे काळसर-निळसर डाग मात्र घासून काढू नका. लिंबू, कैरी, कांदा कापल्याने साध्या पोलादावर तो थर येतो, आणि तो लाल गंजाला थोडाफार अडवतो. शिवाय ती त्या माणसाच्या वापराची खूण आहे. लाल गंज तेवढा काढा. थोडं तेल लावून तासभर ठेवा, मग बारीक घासणीने हलक्या हाताने घासा. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि चाकू दहा-बारा वेळा हळूहळू उघड-मीट करा. आतला काळा मळ बाहेर येईल, तो पुसून घ्या. लाकडी मुठीला वर्षातून एक-दोनदा जवसाचं तेल चोळलं तर लाकूड तडकत नाही. आणि चाकू पाण्यात भिजत ठेवू नका.

धार लावायची असेल तर घाई करू नका. विजेवरच्या फिरत्या दगडावर जुनं, बारीक झालेलं पातं पटकन तापतं, आणि जास्त तापलं की पोलादाचं पाणी उतरतं. मग कितीही धार लावा, ती टिकत नाही. त्यापेक्षा धारेचा साधा चपटा दगड घ्या. तो ओला करा, पातं साधारण २० अंशांत तिरपं धरा आणि दोन्ही बाजूंनी सारखेच हात मारा. जमत नसेल तर सायकलवर फिरणाऱ्या धारवाल्याला सांगा, "काका, थोडीच लावा, जुना आहे." जुन्या चाकूला हात लावताना हे लोकही जरा जपून वागतात, असा माझा अनुभव आहे.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. प्रत्येक वेळी धार लावली की पातं थोडं कमी होतं. म्हणजे वापरलेला चाकू एक ना एक दिवस संपणार. हेच मनाला लागतं आणि म्हणून आपण त्याला पेटीत ठेवतो. पण आबाजींच्या हातात असतानाही तो झिजतच होता. त्यांनी तो आम्हाला आठवण व्हावी म्हणून राखून ठेवला नव्हता. त्यांनी तो वापरला, म्हणूनच तर त्याची आठवण झाली.

द्यायचा कुणाला, आणि कसा?

अनेक घरांत सुरी-कात्री थेट हातात देत नाहीत. खाली ठेवतात, मग दुसऱ्याने उचलायची. कारण विचारलं तर म्हणतात, भांडण होतं. भांडणाचं माहीत नाही, पण बोट कापत नाही हे नक्की! युरोप-अमेरिकेतही चाकू भेट दिला तर नातं तुटतं असा समज आहे. त्यावर त्यांनी एक तोडगा काढला आहे: घेणाऱ्याने देणाऱ्याला एक नाणं द्यायचं, म्हणजे ती भेट राहत नाही, विकत घेतल्यासारखं होतं.

आमच्या घरातल्या सभेत शेवटी आजी उठली. चाकू मला मिळावा असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. नातू होते, शेती बघणारे काका होते. "पोरीले काय करायचा चाकू?" असं कुणीतरी म्हणालंही. आजी म्हणाली, शेवटची दोन वर्षं उघडत कोण होतं? आणि माझ्यासमोर हात पसरून म्हणाली, "एक रुपया दे." तिला युरोपातलं काही ठाऊक नव्हतं. मी रुपया दिला. तो रुपया तिने पदराच्या गाठीत बांधला.

आपल्याकडे हत्यारं-अवजारं मुलांना आणि दागिने-भांडी मुलींना, अशी वाटणी न बोलताच होते. तुमच्या घरात असा चाकू, करवत, पान्हा, हातोडी असेल, तर पुढचा मालक ठरवताना एवढंच बघा: ते कोण वापरणार आहे? आडनाव, वय, मुलगा-मुलगी यातलं काहीही हत्याराला कळत नाही.

लहान मुलांना द्यायचा असेल तर बसून शिकवा. पातं स्वतःपासून लांबच्या दिशेला चालवायचं. उघडा चाकू हातात घेऊन चालायचं नाही. दुसऱ्याला देताना आधी मिटायचा. जुन्या चाकूंचं पातं उघडल्यावर जागेवर अडकून राहत नाही, जोर उलटा पडला तर ते बोटावर मिटतं, हे आधीच सांगून ठेवा. आणि मोठ्यांनीही एक लक्षात ठेवायचं. विमानाने जाणार असाल तर हा चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही. चेक-इनच्या सामानात टाका. सुरक्षा तपासणीच्या टेबलावर तो केवळ एक चाकू असतो. तिथे 'आजोबांचा आहे हो' म्हणून उपयोग होत नाही.

आणि घरातल्या थकल्या माणसांचं काय?

हे लिहिताना मला सगळ्यात जास्त तेच सांगायचं होतं. चाकू गेलेल्या माणसाचा असेल तर तो कुठेही ठेवा, फार बिघडत नाही. पण तो माणूस अजून घरात असेल, हात थरथरत असेल, नजर अधू झाली असेल, तर आपण काळजीपोटी त्याच्या एकेक वस्तू काढून घेतो. आधी स्कूटरची किल्ली, मग बँकेचं पासबुक, मग गॅसचा लायटर, मग चाकू. यातलं काही खरंच काढून घ्यावं लागतं. स्मृती हरवत चालली असेल, राग अनावर होत असेल, तर धारेची वस्तू जवळ नकोच, तिथे डॉक्टरांचं ऐकायचं.

पण दर वेळी तसं नसतं. कधी कधी फक्त उघडून देणारं माणूस लागतं. पेरू धरून ठेवणारं लागतं. पंधरा मिनिटं लागतात, फोडी वेड्यावाकड्या होतात, ओट्यावर पसारा होतो. पण घरात पहिली फोड कुणाला द्यायची हे अजून आपण ठरवतो, एवढं त्या माणसाच्या हाती राहतं.

आबाजींचा चाकू आता बंगळुरूला माझ्या ओट्यावर असतो. कुरिअरची खोकी, लिंबं, दुधाच्या पिशव्या, सगळं त्यानेच कापते. मूठ बदललेली नाही, सैल खिळा तेवढा ठोकून घेतला. पातं गेल्या वर्षीपेक्षा थोडं बारीक झालं आहे.

तुमच्याकडचा चाकू कुठे आहे? या रविवारी शोधा. तो कुणाचा, कुठून आणला, त्याने काय काय कापलं, हे घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा आणि एका कागदावर लिहून ठेवा, कारण हे फक्त त्यांनाच ठाऊक असतं. मग पुसा, तेल लावा आणि एखादं फळ कापा. ते माणूस समोर असेल तर चाकू त्यांच्याच हातात द्या. उघडून.